व्यसन एकाचं, आजारपण घरादाराचं : सखुबाईपासून ‘सहचरी’पर्यंत

बाजाराच्या दिवशी आमच्या शेलूबाजारच्या ओपीडीत एक तक्रार हमखास येते. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, रात्री झोप नाही, जेवण जात नाही. बाई तिशी-चाळिशीची असते. बीपी थोडं वाढलेलं, हिमोग्लोबिन थोडं कमी, बाकी सगळे रिपोर्ट नॉर्मल. गोळ्या लिहून देता देता “घरी कोणी घेते का?” असं विचारलं की ती आधी दाराकडे पाहते, मग खाली. आणि मग जे वाक्य येतं ते मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता पाठ झालं आहे : “माह्यं राहू द्या डॉक्टर साहेब, त्याईची सुटंन असं काही द्या.”

आजचा लेख ‘त्याईची’ कशी सोडवायची यावर नाही. त्यावर पूर्वीही लिहिलं आहे, पुढेही लिहीन. आज त्या वाक्याच्या पहिल्या अर्ध्या भागाबद्दल लिहायचं आहे. ‘माह्यं राहू द्या’ हे आपल्या घरांनी कधी आणि कसं शिकून घेतलं? आणि आम्ही डॉक्टर मंडळीही कित्येक वर्षं तेच का म्हणत आलो? याला एक इतिहास आहे. तो कळला तर आपल्या घरात काय चाललं आहे याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहता येईल.

वऱ्हाडातलं एक घर

सुरुवात लांबून करायची गरज नाही. शेलूबाजारहून कारंजामार्गे मूर्तिजापूरकडे गेलं की दापुरे गाव त्याच तालुक्यात येतं. १८८० च्या दशकात सखुबाई नावाची एक विधवा आपल्या लहान मुलाला घेऊन या गावी माहेरी आली. तिचं सासर अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचं, परटाचं घर. नवरा झिंगराजी दारूच्या नादी लागला, घर हातचं गेलं आणि १८८४ साली तोही गेला. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. नाव डेबूजी. पुढे सगळा महाराष्ट्र त्याला गाडगेबाबा म्हणून ओळखू लागला.

गाडगेबाबांची स्वच्छता, कीर्तन, धर्मशाळा हे सगळं आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण डॉक्टर म्हणून मला त्यांच्या आयुष्यात आधी एक मुलगा दिसतो. ज्याच्या बापाला दारूनं खाल्लं आणि ज्याला मामाच्या घरी गुरं राखत वाढावं लागलं, असा मुलगा. अशी मुलं माझ्या ओपीडीत आजही येतात. काही फार शहाणी असतात, वयापेक्षा मोठी झालेली. काही अंथरुण ओलं करतात. काहींचं पोट शाळेच्या वेळेलाच दुखतं.

दारूच्या व्यसनाची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते, हे आता पक्कं माहीत आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून हा वाटा साधारण निम्मा धरला जातो. म्हणजे उरलेला निम्मा वाटा परिस्थितीचा आणि माणसाचा. डेबूजीनं या उरलेल्या निम्म्याचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. मुलीच्या बारशाला जातीच्या पंगतीत मटण आणि दारू द्यायची, अशी त्या काळची रीत होती. तरुण डेबूजीनं ती मोडली आणि गोड जेवण वाढलं. भाऊबंद चिडले. पण तो हटला नाही. पुढे १९०५ साली घर सोडल्यावर आयुष्यभर कीर्तनातून त्यांनी लोकांना सांगितलेल्या गोष्टींत दारू सोडा ही एक पहिल्या रांगेतली होती. बाप दारूत गेला म्हणजे पोरगंही त्याच वाटेनं जाणार, असं गावात सहज बोललं जातं. पोरासमोर बोललं जातं, हे जास्त वाईट. तसं बोलणाऱ्याला मी दापुऱ्याचं नाव सांगतो.

पण सखुबाईचं काय झालं? तिची झोप, तिची भीती, नवरा पिऊन यायचा त्या वर्षांत तिनं काय काय सोसलं, याबद्दल चरित्रांत फारसं काही सापडत नाही. नवऱ्याचं व्यसन नोंदलं गेलं, मुलाचं थोरपण नोंदलं गेलं. मधली बाई माहेरी आली, एवढंच. ‘माह्यं राहू द्या’ ते असं.

सिंधू सगळ्यांना आठवते, गीता कोणाला?

मराठी माणसाच्या मनात दारुड्याच्या बायकोचं चित्र पक्कं केलं ते एका नाटकानं. राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’. गडकरी गेले ते आपल्याच विदर्भात, सावनेरला, २३ जानेवारी १९१९ रोजी. त्यानंतर महिनाभरातच गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्याला हे नाटक रंगमंचावर आणलं. सिंधूच्या भूमिकेत बालगंधर्व होते.

कथा बहुतेकांना माहीत असते. सुधाकर हुशार वकील. अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, आणि मन शांत करायला म्हणून तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढे सगळं घसरत जातं. सिंधू श्रीमंत माहेरची, पण नवऱ्याला कमीपणा येईल म्हणून माहेरची मदत नाकारते आणि दळणं दळून घर चालवते. शेवटी नवऱ्याच्या हातून मूल जातं, तीही जखमी होते, आणि मरताना पोलिसांसमोर नवऱ्याला वाचवते.

गडकऱ्यांचं निरीक्षण डॉक्टरला चकित करणारं आहे. सुधाकर मध्येच एकदा दारू सोडतो, शपथ घेतो, काम शोधायला बाहेर पडतो. कोणी विश्वास ठेवत नाही, अपमान होतात, आणि तो पुन्हा पितो. व्यसनाचा आजार उलटतो, आणि बहुतेकदा नेमका याच वळणावर उलटतो, हे वैद्यकाच्या पुस्तकात ठळकपणे येण्याच्या कितीतरी आधी मराठी रंगभूमीवर आलं होतं.

पण प्रेक्षक रडले ते सिंधूसाठी, आणि रडता रडता एक धडा घरी घेऊन गेले. चांगली बायको सोसते, झाकते, स्वतःवर घेते. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. फटकळ, नवऱ्याला तोंडावर सुनावणारी. ती विनोदाच्या बाजूला राहिली. ‘तळीराम’ हा शब्द मराठीत दारुड्याचं दुसरं नाव होऊन बसला, ‘सिंधू’ त्यागाचं नाव झालं, आणि गीता विसरली गेली. माझ्यासमोर बसणाऱ्या दहा बायकांत सात सिंधू असतात, दोन गीता असतात, आणि एक सकाळी गीता व संध्याकाळी सिंधू असते. (हा हिशेब माझा अंदाजपंचे. कुठल्या सर्वेक्षणातला नाही.)

यात चूक-बरोबर काही नाही. सोसणं, तोंड देणं आणि स्वतःला बाजूला करून घेणं, हे तीन मार्ग माणसं जगभर वापरतात. इंग्लंडचे मानसशास्त्रज्ञ जिम ऑर्फर्ड यांनी सहकाऱ्यांबरोबर मेक्सिको सिटी, नैऋत्य इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी अशा तीन अगदी वेगळ्या ठिकाणच्या घरांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना हेच तीन मार्ग सगळीकडे दिसले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा सोपा आहे. ही माणसं बिघडलेली नाहीत, कमजोर नाहीत. साधी माणसं फार मोठ्या ताणाखाली जगत आहेत, आणि त्या ताणानं त्यांचं शरीर व मन आजारी पडतं आहे. डोकं दुखणं, धडधड, झोप जाणं, ही त्या ताणाचीच लक्षणं.

आज हे ऐकायला साधं वाटतं. पण तिथपर्यंत पोहोचायला वैद्यकाला बराच वेळ लागला, आणि मधल्या काळात आमच्या लोकांनी एक मोठा अन्याय केला.

जेव्हा डॉक्टरांनी बायकोलाच दोषी धरलं

१९५३ साली थेल्मा व्हेलन या अमेरिकन समाजकार्यकर्तीनं दारुड्यांच्या बायकांचे चार प्रकार सांगणारा लेख लिहिला. सोसणारी, ताबा ठेवणारी, डळमळणारी आणि शिक्षा करणारी. प्रत्येकीला एक टोपणनावही दिलं. म्हणणं असं, की या बायकांचा मुळात स्वभावच असा असतो की त्या असाच नवरा निवडतात, आणि त्याचं पिणं चालू राहण्यात त्यांचीही काही गरज भागत असते. त्या काळात हा विचार चांगलाच मान्य होता. नवरा दारू सोडतो आणि बायकोला नैराश्य येतं, असं दिसलं की “पाहा, हिला तो प्यायलेलाच हवा होता” असा अर्थ काढला जाई.

आपल्याकडे हे शास्त्रीय भाषेत कोणी म्हणत नाही, पण म्हणतात तेच. “बायको नीट असती तर पोरगा पिला नसता.” सासूनं सुनेला ऐकवलेलं हे वाक्य आणि १९५३ चा तो लेख, यात मला फार अंतर दिसत नाही.

पुढच्याच वर्षी, १९५४ साली, जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी उलट बाजू मांडली. सिएटलमध्ये दारुड्यांच्या बायका एकत्र जमत, तिथे त्या बसून ऐकत राहिल्या. त्यांच्या लक्षात आलं की या बायकांचं वागणं स्वभावातून आलेलं नसतं. ते संकटाच्या टप्प्यांप्रमाणे बदलत जातं. आधी घर नाकारतं : सगळेच घेतात थोडी. मग लपवतं आणि सोडवायचे प्रयत्न करतं : शपथा, नवस, बाटल्या ओतून देणं. मग सगळं विस्कटतं, मुलांसमोरही झाकायचं उरत नाही. मग एक दिवस बाई घर हातात घेते, नवऱ्याला मोठ्या मुलासारखं बाजूला ठेवून संसार चालवते. काही जणी वेगळ्या होतात, उरलेलं घर पुन्हा उभं करतात. आणि नवऱ्याची दारू सुटलीच, तर शेवटचा टप्पा येतो, तो घर पुन्हा जुळण्याचा.

हा शेवटचा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याची तयारी कोणीच करत नाही. सगळ्यांना वाटतं, दारू सुटली की झालं. प्रत्यक्षात दारू सुटल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बाई माझ्याकडे येते आणि ओशाळून सांगते की आता तो पीत नाही, पण मला त्याचा संताप येतो. दहा वर्षं ज्या रागाला जागाच नव्हती तो आता वर येतो. तो शेतातून यायला अर्धा तास उशीर झाला की पोटात गोळा येतो. ती अजून त्याचा वास घेते, खिसे तपासते. त्याला वाटतं, मी एवढी मोठी गोष्ट केली आणि हिला विश्वास नाही. इतकी वर्षं पैशांचे, मुलांचे, सोयाबीन कधी विकायचं याचेही निर्णय तिनं घेतले. आता त्याला पुन्हा ‘घरधनी’ व्हायचं असतं. मुलंही सगळं आईलाच विचारतात, बापाला कोणी विचारत नाही. भांडण होतं, आणि शेजारचे म्हणतात, “पेत होता तवाच बरा होता.”

हे सगळं अपेक्षित आहे. म्हणजे असं झालं तर तुमचं घर वाया गेलं असं नाही. विश्वास परत यायला महिने नाही, वर्षं लागतात. त्यानं दोन-तीन महिन्यांत विश्वासाची मागणी करू नये. तिनंही कारभार एकदम परत देऊ नये, एकेक काम द्यावं. आधी बाजारहाट, मग दुधाचा हिशेब, मग बँक.

घोटाभर राग आणि एक बूट

घरच्यांचं दुखणं वेगळं असतं हे डॉक्टरांच्या आधी घरच्यांनीच ओळखलं. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन व्यसनींच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ सुरू झालं. ‘एए’ म्हणून ते आपल्याकडेही आहे. बिलची बायको लोइस हिनं सतरा वर्षं त्याची दारू सहन केली होती. नोकरी करून घर चालवलं होतं. आता तो सुधारला होता. एका रविवारी तो तिला म्हणाला, चल, सभेला उशीर होतोय. आणि तिनं रागानं एक बूट त्याच्यावर फेकला.

ती स्वतःच चकित झाली. नवरा दारूत असताना जे केलं नाही ते आता का केलं? विचार करता करता तिच्या लक्षात आलं की त्याला वाचवणं हेच तिचं आयुष्य होऊन बसलं होतं. आता त्याला दुसऱ्या कोणीतरी वाचवलं होतं आणि तिच्याकडे स्वतःचं असं काही उरलंच नव्हतं. १९५१ साली लोइसनं अ‍ॅन नावाच्या मैत्रिणीबरोबर ‘अल-अ‍ॅनॉन’ ही घरच्यांची संघटना उभी केली. १९५७ मध्ये त्यातूनच मुलांचे गट निघाले. त्यांची शिकवण थोडक्यात अशी, की हे व्यसन मी लावलेलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही आणि ते मी बरं करू शकत नाही. आपल्याकडच्या बायकांना यातलं पहिलं वाक्य पटायलाच कित्येक महिने जातात.

नंतर १९८० च्या दशकात ‘सहव्यसनी’ या कल्पनेची लाट आली. १९८६ मध्ये मेलडी बीटी यांचं त्यावरचं पुस्तक अमेरिकेत खूप खपलं. त्यानं अनेकांना धीर दिला हे खरं. पण मला तो शब्द फारसा आवडत नाही. बाईच्या कपाळावर आणखी एक आजार चिकटवल्यासारखं होतं. ती आजारी आहे म्हणून अशी वागत नाही. अशा घरात राहून ती आजारी पडली आहे.

येरवडा, १९८६

त्याच १९८६ साली पुण्यात एक गोष्ट घडली. तेव्हा मुंबई-पुण्यात ‘गर्द’, म्हणजे ब्राउन शुगर, तरुण पोरांत पसरत होती. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी ती वाचली आणि अशा मुलांसाठी काहीतरी उभं करा म्हणून देणगी दिली. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं.

व्यसनी माणसाला कोंडून, मारून, घाबरवून सुधारण्याच्या जागा तेव्हाही होत्या, आजही आहेत. मुक्तांगणनं पस्तीस दिवसांच्या मुक्कामाची, गटचर्चेची, कामाची आणि मायेची वाट धरली. पण आपल्या आजच्या विषयाला धरून महत्त्वाचं आहे ते दुसरंच. डॉ. अनिता अवचटांच्या लक्षात आलं की पस्तीस दिवसांनी माणूस ज्या घरात परत जातो ते घर अजून तिथेच अडकलेलं असतं. म्हणून घरच्यांसाठी वेगळ्या सभा आणि बायकांचा ‘सहचरी’ हा गट उभा राहिला. इथे नवरा कसा आहे हे सांगून झाल्यावर तिला विचारलं जातं, तू कशी आहेस?

या प्रश्नाला पहिल्या दिवशी बहुतेक बायकांकडे उत्तर नसतं. दुसरीचं ऐकताना ते सापडतं. शेजारी बसलेली बाई सांगते की मी त्याच्या मालकाला खोटं सांगून रजा काढायची, आणि ऐकणारीला कळतं की हे मीही करते. सावकाराचे, पानटपरीचे, वाइनशॉपचे पैसे आपण भरतो तेव्हा त्याच्या पिण्याचे परिणाम आपण त्याच्यापर्यंत पोहोचू देत नाही, हे डॉक्टरनं सांगितलं तर उपदेश वाटतो. तिच्यासारखीनंच सांगितलं की खरं वाटतं.

डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी मुक्तांगणची जबाबदारी घेतली, आणि २००९ पासून तिथे व्यसनी स्त्रियांसाठीही स्वतंत्र विभाग आहे. तिथे मग घरचे म्हणजे नवरा, आई, मुलं. व्यसनी बाईजवळ घर फार वेळ थांबत नाही, हा अनुभव मात्र या कामात असलेल्या सगळ्यांचाच आहे.

न सांगता दिलेली गोळी

आता इतिहासातली एक आडवाट, कारण तिचा संबंध थेट तुमच्या स्वयंपाकघराशी आहे. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघे जंतांवरच्या एका औषधाचा अभ्यास करत होते. औषध त्यांनी स्वतः घेऊन पाहिलं, आणि नंतर थोडी दारू घेतल्यावर दोघांनाही कसंतरी होऊ लागलं. चेहरा लाल, छातीत धडधड, मळमळ. तेच डायसल्फिराम. दारू शरीरात फुटताना तयार होणारं एक विषारी द्रव्य या गोळीमुळे साठून राहतं, म्हणून हा त्रास होतो.

हे औषध आजही उपयोगी आहे, पण एका अटीवर. घेणाऱ्याला ते माहीत हवं, त्याची तयारी हवी, आणि हृदय-लिव्हर तपासलेलं हवं. त्याच्या संमतीनं रोज सकाळी घरच्यासमोर गोळी घेतली तर ती चांगली लागू पडते. “न सांगता दारू सोडवा” अशा पाट्या आणि पुड्या आपल्या भागात सर्रास मिळतात. त्यात काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. डायसल्फिराम असेल, आणि माणूस त्यावर क्वार्टर प्यायला, तर बीपी एकदम खाली जाऊन जीव जाऊ शकतो. भाजीत, चहात काही कालवू नका. जीव गेला नाही तरी, बायको आपल्याला खायला काहीतरी घालते, हा संशय एकदा बसला की तो निघत नाही.

असाच दुसरा धोका दारू एकदम तोडण्याचा. विदर्भातल्या बायकांनी दारूविरुद्ध मोठ्या लढाया लढल्या आहेत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या साथीनं चाललेल्या आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी ‘आडव्या बाटली’ला मत दिलं तर दुकान बंद करण्याचा नियमही राज्यात झाला. एकटीनं घरात जे जमत नाही ते शंभर जणींनी चावडीवर केलं. पण दुकान बंद झालं किंवा घरच्यांनी कोंडून ठेवलं, तर रोज पिणाऱ्याला सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत हातापायांना कंप, घाम, फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, बडबड, ताप. हे ‘नाटक’ नसतं, त्यात माणूस दगावतो. अशा वेळी दवाखान्यात आणा.

उपचार नाही म्हणतो, मग आम्ही काय करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. आणि तो विचारणारे एकटे नाहीत. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात ५.७ कोटी लोकांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज आहे, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो. म्हणजे ३७ घरं अशी आहेत जिथे तो उपचाराला गेलेलाच नाही.

यावर १९९९ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मिलर, मेयर्स आणि टोनिगन यांनी १३० कुटुंबीयांना तीन गटांत वाटलं. तिन्ही गटांतल्या घरी पिणारा माणूस उपचाराला नकार देत होता. पहिल्या गटाला अल-अ‍ॅनॉनसारखं अलिप्त राहून स्वतःला सांभाळायला शिकवलं. दुसऱ्याला सगळ्यांनी मिळून त्याला एकदा समोर बसवून जाब विचारायला शिकवलं. तिसऱ्याला रोजच्या वागण्यात बदल शिकवले : तो शुद्धीत असेल तेव्हा जवळ बसायचं, बोलायचं, आवडीचं करायचं. प्यायलेला असेल तेव्हा वाद न घालता बाजूला व्हायचं. परिणाम झाकायचे नाहीत. आणि तो स्वतःच कंटाळलेला दिसेल त्या क्षणी उपचाराचं नाव काढायचं. पहिल्या गटातली १३ टक्के, दुसऱ्यातली ३० टक्के आणि तिसऱ्यातली ६४ टक्के माणसं उपचाराला आली.

आकडे बोलके आहेतच. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. तिन्ही गटांतल्या घरच्यांची स्वतःची तब्येत सारखीच सुधारली. नैराश्य, राग, शारीरिक तक्रारी कमी झाल्या. तो आला की नाही यावर ते अवलंबून नव्हतं.

आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था याच दिशेनं काम करते आहे. ऑर्फर्ड यांच्या पाच पायऱ्यांच्या पद्धतीवरून त्यांनी व्यसनी माणसाच्या घरच्यांसाठी एक समुपदेशन तयार केलं. डॉक्टर नसलेले, प्रशिक्षण घेतलेले साधे कार्यकर्ते ते देतात. आधी घरच्याचं ऐकून घ्यायचं, मग आजाराची माहिती द्यायची, तो आत्ता कसं वागतो आणि त्यातून काय होतं ते पाहायचं, मदत करणारं कोण आहे ते शोधायचं, आणि आणखी काय लागेल ते ठरवायचं. यातलं काहीही शेलूबाजारात होऊ शकणार नाही असं नाही. आशाताई, बचतगटाची अध्यक्ष, माहेरची एखादी समजूतदार वहिनी, यांच्यापैकी कोणीही पहिली पायरी करू शकतं.

म्हणून ओपीडीत आता मी एक बदल केला आहे. बाईच्या कागदावर ‘घरी व्यसन’ असं तिच्याच इतिहासात लिहितो, शुगर-बीपी लिहितो तसं. पुढच्या वेळी आली की आधी तिची झोप विचारतो, मुलांची शाळा विचारतो, मार बसतो का हे एकटीला विचारतो. मार बसत असेल तर आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर. महिलांसाठी १८१ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. व्यसनाबद्दल घरच्यांनाही १४४४६ वर फोन करता येतो, आणि मन फारच खचलं असेल तर ‘टेली मानस’चा १४४१६ आहे, दोन्ही मोफत. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात तो येत नसेल तर तुम्ही एकट्यानं गेलं तरी चालतं. केसपेपर तुमच्या नावाचा काढा.